हिरव्या वायरीची खुर्ची

परवा गावाकडं गेलो, तर दादांनी मला बसायला प्लास्टिकची खुर्ची दिली.

वाचणाऱ्याला यात काही वाटायचं कारण नाही. प्लास्टिकची खुर्ची आज कुणाच्या घरी नाही? पण मी ती लाल खुर्ची बघून ओट्याच्या पायरीवरच थांबलो. गेली कित्येक वर्षं मी घरी आलो, की माझे वडील, म्हणजे दादा, आतून एक लोखंडी खुर्ची काढून आणायचे. हिरव्या वायरीनं विणलेली. खांद्यावरच्या टॉवेलनं ती पुसायचे, सावली बघून ठेवायचे, आणि मला म्हणायचे, "बसा." स्वतःच्या पोराला 'बसा'. मला लाज वाटायची. एकदा म्हणालो, दादा, मला कशाला अहो-जाहो? तर म्हणाले, "तुला कोण म्हणतंय? खुर्चीवर बसलेल्याला म्हणतो म्या."

परवा म्हणाले, "बस." आणि बोटानं लाल खुर्ची दाखवली.

मी बसलो. लोखंडी कुठं गेली हे विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही म्हणा.

शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझ्या धाकट्या भावाची, सुभाषची, खव्याची भट्टी आहे. कढईत मोटार फिरत होती. घर्र-घर्र असा तिचा सरळ, एकसारखा आवाज. आणि त्या आवाजावरून तरंगत येणारा दुधाचा वास. तेवढा वास मात्र अजून तोच आहे. बाकी सगळं बदललं, असं म्हणायची पद्धत आहे.

वाशी तालुक्यातलं आमचं गाव. या मुलखात पावसाचा भरवसा कुणी धरला नाही, म्हशीचा धरला. सकाळी उजाडायच्या सुमाराला चारी वाटांनी सायकली यायच्या, हँडलला कॅन लटकलेले, आणि त्या कॅनच्या कड्यांचा खणखणाट गावाला जागं करायचा. सगळ्या सायकली अण्णांच्या भट्टीवर थांबायच्या. अण्णा म्हणजे भट्टीचे मालक. त्यांचं नाव गावात कुणी घेत नसे. नुसतं 'मालक' म्हटलं तरी चालायचं, कारण दुसरा मालक नव्हता.

दादा त्या भट्टीवर होते. मातीच्या भट्टीवर पसरट लोखंडी कढई, खाली बाभळीची लाकडं, आणि हातात लांब दांड्याचं उलथणं. दूध एकदा चढलं की हात थांबवायचा नाही. थांबला की खाली लागलं, आणि खाली लागलं की खवा पिवळा पडला. खर्रर, खर्रर, असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज सकाळभर चालायचा. तो आवाज बंद झाला की गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "उतरली वाटतं कढई." वासही बदलत जायचा. आधी नुसतं कच्चं दूध, मग उकळी, मग जरा वेळानं काहीतरी गोडसर, घट्ट, अंगावर पांघरूण ओढावं असं. आणि अगदी शेवटी, कडेला, एक करपट धागा.

वाफेनं दादांच्या हातावरचे केस कधीच जळून गेले होते. कोपरापासून मनगटापर्यंत हात गुळगुळीत, चकचकीत. लहानपणी मला वाटायचं, मोठ्या माणसांचे हात असेच असतात. शाळेत गुरुजींचे केसाळ हात बघितले तेव्हा मला त्यांचंच काहीतरी चुकलंय असं वाटलं.

दिवाळीला सगळ्या मुलखाला मिठाई लागायची, म्हणून दिवाळीला दादा घरी नसायचे. माय वाटीत उटणं घेऊन भट्टीवर जायची. दादा हलवत असायचे, आणि ती मागं उभी राहून त्यांच्या पाठीला उटणं लावायची. अर्धं उटणं घामानं वाहून जायचं. "जरा थांबा की," ती म्हणायची. "मी थांबीन गं, दूध थांबंल का?" दादा म्हणायचे. हा त्यांचा दरवर्षीचा विनोद होता आणि माय दरवर्षी हसायची.

कढई उतरली की तळाला चिकटलेलं खरवडून काढायचे. ती खरवड. खवा मालकाचा, खरवड कामगाराची, अशी तिथली रीत होती. दादा ती पळसाच्या पानात बांधून आणायचे. तपकिरी, कुठं काळी, दाताखाली करकरणारी. गोड लागायची, मग कडू, मग पुन्हा गोड. मी आणि सुभाष लिंबाच्या झाडाखाली बसून ती चाटूनपुसून खायचो आणि पानसुद्धा चाटायचो. खवा कसा लागतो ते मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा वाटलं, यात काहीतरी कमी आहे.

आता ती खुर्ची.

अण्णांच्या घराला उंच ओटा होता. त्या ओट्यावर ती असायची, लोखंडी सळ्यांची, पाठीला आणि बुडाला हिरव्या वायरीची विणलेली. गावात तेवढी एकच. तिच्यावर कोण बसायचं? तलाठी. दवाखान्यातले डॉक्टर. निवडणुकीच्या दिवसांत जीपमधून उतरणारे पांढरे कपडे. गुरुजी ओट्यावर सतरंजीवर बसायचे. म्हशीवाले पायरीवर. दूध घालणारे खाली अंगणात उकिडवे. आणि भट्टीवाले उभे. कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं, पण कुणी चुकत नसे. नवीन सोयरा गावात आला तरी त्या अंगणात पाय ठेवल्यावर आपण कुठं टेकायचं ते त्याला आपोआप कळायचं.

दादांना तर टेकायचंच नव्हतं. मला आठवतं तसं ते उभेच आठवतात. घरी आले की भिंतीला पाठ लावून, पाय लांब सोडून मातीत बसायचे, आणि एवढा मोठा सुस्कारा टाकायचे की शेळी दचकायची.

एकदा भट्टीच्या तोंडाशी मला उभं करून त्यांनी हनुवटीनं ओट्याकडं दाखवलं.

"ती खुर्ची दिसती का?"

"व्हय."

"तिथवर जायाला जमीन लागत न्हाय. पुस्तक लागतं."

आणि मी उलथण्याच्या दांड्याला हात लावला, तसा त्यांनी तो झटकला. "दुधाला हात लावायचा न्हाय. आज न्हाय, कवाच न्हाय." हा घरातला कायदा होता. सुभाषनं तो मोडला. शाळा सोडून तो भट्टीवर आला, तेव्हा दादा त्याच्याशी फार दिवस बोलले नाहीत. कढईच्या दोन बाजूंना बापलेक उभे, आणि मध्ये उकळतं दूध. स्वतःची भट्टी त्यानं फार पुढं टाकली.

मला मात्र त्यांनी बाहेर काढलं. आमच्याकडं शिकून नोकरीला लागलेल्या माणसाला 'सुटला' म्हणतात. "त्याचं काय बाबा, त्यो सुटला." जणू सगळे दावणीला आहेत आणि एकाचं दावं तुटलंय. दादांनी माझं दावं सोडायला घेतलं होतं, दातांनी.

शाळेत माझ्या अंगाला दुधाचा वास यायचा. माय कपडे घासून घासून विरून टाकायची, वास जायचा नाही. पोरं मला 'खरवड्या' म्हणायची. पुढं कॉलेजला कळंबला जायला लागलो. सकाळची एसटी. तिच्या टपावर ओल्या फडक्यात बांधलेल्या खव्याच्या पाट्या चढायच्या. टपावर दादांचा खवा, आत दादांचा पोरगा. ऊन झालं की फडक्यातून पाणी खिडकीवर ओघळायचं आणि कंडक्टर भट्टीवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. मी पुस्तकात डोकं घालून बसायचो. वास सगळ्या एसटीभर असायचा, म्हणून निदान तिथं तो एकट्या माझा नसायचा.

मी इतिहास घेऊन पास झालो. आमच्या घरातला पहिला. खरं तर आमच्या अख्ख्या गल्लीतला. हे मी ताठ मानेनं सांगतो. ती डिग्री मी कुणाच्या चिठ्ठीवर आणली नाही. निकालाच्या दिवशी गावाला तोंड गोड करायचं होतं. पेढे वाटायचे तर ते अण्णांच्याच खव्याचे. दादांनी बाजारातून जिलबी आणली आणि घरोघरी जिलबी वाटली. लोकांना नवल वाटलं. खव्याच्या गावात जिलबी.

संध्याकाळी अण्णांचं बोलावणं आलं. मी आणि दादा गेलो. दादा नेहमीच्या जागी, अंगणात, हात मागं बांधून उभे राहिले. अण्णा म्हणाले, "या सर. वर या. बसा."

ओट्यावर एकच जागा मोकळी होती. मी मागं बघितलं. दादांनी डोळ्यांनी खूण केली, बस. असली खूण मी त्यांच्या डोळ्यांत पुन्हा कधी बघितली नाही. मी बसलो. वायर गार होती. तिचे चौकोन मांड्यांत रुतले. अण्णांनी चहा दिला, कपबशीत. दादांना दिला नाही, आणि द्यायला पाहिजे असं तिथं कुणाला वाटलं नाही, दादांना तर अजिबातच नाही. मग अण्णा म्हणाले, "आमच्या चिरंजीवांचं जरा बघा की सर. डोकं हाय, पण बसत न्हाय." तर दुसऱ्या दिवसापासून मी त्या चिरंजीवांची शिकवणी घ्यायला लागलो. खुर्ची दिली ती त्यासाठी होती, हे मला घरी येताना कळलं. दादांना मी ते सांगितलं नाही. ते वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "वर बसवलं. खुर्चीवर."

पुढं अण्णांनी सोफा आणला. खुर्चीची वायर तुटली होती. ती भट्टीमागच्या लाकडांत जाऊन पडली. दादांनी ती मागून घेतली. मागून घेतली आणि डोक्यावर ठेवून घरी आणली. मागच्या बोळानं जवळ पडतं, पण ते आले वेशीपासून, देवळावरून, पिठाच्या गिरणीवरून. चार लोखंडी पाय आभाळाकडं करून खुर्ची गावातून निघाली होती. नवी हिरवी वायर आणून त्यांनी ती स्वतः विणली. माय म्हणाली, "तुमी बी बसून बघा एकदा." ते म्हणाले, "आपली न्हाय ती."

आणि त्याच उन्हाळ्यात गावात टेम्पो आला. मागं खुर्च्यांची उंचच्या उंच चळत. लाल, निळ्या, पांढऱ्या. भोंग्यावर ओरडत गेला गल्लीगल्लीतून. भंगार द्या, केस द्या, खुर्ची घ्या. बघता बघता घरोघरी झाल्या. सुभाषनंही आणल्या. लग्नाच्या मांडवात, मयताच्या दारात, पारावर, सगळीकडं त्याच. उकिडवे बसणारे खुर्चीत बसायला लागले, पायरीवरचे बसायला लागले. माय एकीवर बसली, खुर्ची जरा फाकली, तशी ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "अगं बाई, ही तर पळून चालली."

मला नव्हतं हसू आलं. आमच्या बापानं जन्मभर उभं राहून जी वस्तू कमावली, ती आता केसांच्या गुंतवळावर मिळत होती. आम्ही पोचलो, आणि पोचलो तोवर जागेचा भाव उतरला होता.

डिग्रीचंही तेच झालं. मी बी.ए. झालो तेव्हा बी.ए. म्हणजे काहीतरी होतं. एम.ए., बी.एड. करून बाहेर आलो तोवर घरोघरी एकेक बी.एड. माळ्यावर वाळत पडलं होतं. वरची माणसं तोवर सोफ्यावर गेली होती. सोफ्यावर जायला काय लागतं, ते कुठल्या पुस्तकात नव्हतं.

अण्णांनी भट्टीतून वर येऊन तालुक्याच्या गावी शिक्षणसंस्था काढली. कॉलेजच्या उद्घाटनाला संध्याकाळी तेरखेड्याची शोभेची दारू उडाली. आभाळात फुलं फुटत होती आणि दादा मान वर करून सगळ्यांना सांगत होते, "आमचा साहेब आता इथंच लागणार." मी लागलो, तिथंच राहायलाही गेलो. इतिहास शिकवतो. तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढा मी. उन्हाळा आला की नसतो, जून आला की पुन्हा अर्ज करून असतो. वर्गात उभा राहिलो की हे सगळं विसरायला होतं, पोरं ऐकतात, एखाद्या पोरीचा डोळा चमकतो, तेवढ्यासाठी मी शिकल्याचा पस्तावा कधी केला नाही. पण वर्गाबाहेर आलं की आठवतं. ज्यांची मी शिकवणी घेतली ते चिरंजीव आता संस्थेचे चेअरमन आहेत. त्यांच्या केबिनमध्ये ते फिरत्या खुर्चीत बसतात आणि समोर त्यांची माणसं बसलेली असतात. "बोला सर," म्हणतात. बसा म्हणत नाहीत. मी उभ्या उभ्या बोलतो आणि बाहेर येतो. हात मागं बांधलेले असतात, हे एकदा दाराच्या काचेत दिसलं.

भट्टी बदलली होती. मालक तोच होता.

गावाला हे कशाला कळेल? वेशीत फ्लेक्स लागला होता, 'गावचे भूषण', त्यावर टाय लावलेला मी. टाय फोटोवाल्याचा. पारावरचे लोक म्हणायचे, "सर, तुमचं बरंय, सुटलात." मी हसायचो. आणि घरी दादा खुर्ची पुसून ठेवायचे.

या उन्हाळ्यात सुभाषची पोरगी ऋतू बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झाली. तिनं उदगीरला जायचं काढलं. तिथं दुधाचं शिक्षण देणारं सरकारी कॉलेज आहे. दूध, लोणी, चीज, पावडर, सगळ्यातली डिग्री. मला निरोप आला, या, दादा ऐकत नाहीत.

दुपारची वेळ, आमच्या घरचा ओटा. मी खुर्चीवर, हिरव्या वायरीच्या. दादा पायरीवर. सुभाष दाराला टेकून. ऋतू उंबऱ्यात, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

सुभाष म्हणाला, "भाऊ, मला सांग, दूध आटवायला डिग्री लागती का? म्या शिकवतो की घरीच. होस्टेल बी न्हाय, मेस बी न्हाय."

"पप्पा, तुमच्या मशीनचा गेअर बिघडला की तुम्हीच बार्शीला फोन करताय," ऋतू म्हणाली.

"बघ. बघ कशी बोलती." पण तो हसत होता. त्याचं काही अडलं नव्हतं.

अडलं होतं दादांचं. ते खाली बघत म्हणाले, "आमी जीव जाळून एकाला दुधातनं वर काढला. आन् ही सोताच्या पायानं कढईत चालली. लोक काय म्हणतेल? नात परत भट्टीवर?"

"आबा, भट्टी नसती तिथं. लॅब असती."

"दूध असतंय का न्हाय?"

"असतंय."

"मग भट्टीच ती." त्यांनी टॉवेल झटकला. "अण्णांच्या कॉलेजात घाल तिला. बी.ए. करू दी. चुलत्यासारखी साहेबीण हू दी. न्हायतर स्थळं येतेत चांगली, बघा."

ऋतूचा चेहरा उतरला. एवढा वेळ ती भांडत होती, कारण भांडण जिंकता येईल असं तिला वाटत होतं. आता ती माझ्याकडं बघत होती. दादाही माझ्याकडं बघत होते. "साहेबांना इचारा," ते म्हणाले. "साहेब सांगतेल ते."

अण्णांचं कॉलेज म्हणजे काय, ते त्या ओट्यावर माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर पोरगी जूनमध्ये माझ्याच वर्गात समोर येऊन बसली असती, आणि दिवाळीनंतर तिच्या लग्नाची पत्रिका आली असती. बोललो असतो तर दादांच्या हातात काय उरलं असतं?

मी म्हणालो, "दादा, तुमी कुणाच्या भट्टीवर व्हता?"

"म्हंजे? अण्णांच्या."

"म्या कुठं हाय?"

"कॉलेजात."

"कुणाच्या?"

त्यांनी टॉवेल मांडीवर घेतला.

"तुमाला अण्णांनी कवा बस म्हणलं न्हाय. मला त्यांचं पोरगं म्हणत न्हाय. तुमाला पावसाळ्यात बी काम व्हतं, मला उन्हाळ्यात काढतेत. म्या सुटलो न्हाय दादा. कपडे तेवढे बदलले. हिला तिथं घालू नका. उदगीरला जाऊ द्या. दुधातच जाऊ द्या, पण मालक आपल्या वळखीचा नसावा."

सुभाष दारापासून सरळ उभा राहिला. त्यालाही माहीत नव्हतं.

दादांनी टॉवेलनं तोंड पुसलं. मग हसले. हसून सुभाषला म्हणाले, "शिकलेलं माणूस असंच बोलतं. सोताला खाली घालून. मोठंपण असतं ते." आणि जरा थांबून, "साहेब म्हणतेत ना? मग जाऊ दी पोरीला. भरा फारम."

ऋतू आत पळाली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

मी खुर्चीत बसून राहिलो. आयुष्यात मी त्या माणसापुढं एवढं खरं कधी बोललो नव्हतो, आणि ते खोटं समजून मान्य झालं होतं. माझ्या शब्दाला किंमत आली होती ती खुर्चीमुळं, आणि मी तर खुर्ची खोटी आहे हेच सांगत होतो. राग आला मला. दादांचा आला, अण्णांचा आला, त्या हिरव्या वायरीचा आला. पण पोरगी जाणार होती. त्या खुर्चीनं आम्हाला दिलेली एवढी एकच खरी वस्तू.

ती गेली. पोचल्यावर तिचा फोन आला, "मोठे पप्पा, इथल्या कढया अशा असतेत की खाली लागतच न्हाय."

"मग खरवड?"

"खरवड म्हंजे इथं लॉस." ती हसली. मीही हसलो, पण फोन ठेवल्यावर तोंडात ती कडू-गोड चव आली आणि दिवसभर गेली नाही.

आणि परवा मी घरी गेलो, आणि दादा म्हणाले, "बस."

लाल खुर्चीत बसलो. खुर्ची हलकी असते, नीट बसलं नाही तर सरकते. दादांनी दुसरी ओढली आणि माझ्या शेजारी येऊन बसले. पायरीवर नाही. बापाच्या बरोबरीनं मी खुर्चीवर असा पहिल्यांदाच बसत होतो. दोघंही समोर रस्त्याकडं बघत होतो. मग मी मान वर केली. ओट्याच्या पत्र्याखालच्या पाइपाला लोखंडी खुर्ची टांगलेली होती, पाय वर करून. वायर नवी होती. हिरवीच, पण नवी, चकचकीत.

"वायर बदलली?"

"जुनी ढिली झालती," दादा म्हणाले. मग रस्त्याकडंच बघत, "पोरगी यील दिवाळीला."

बस्स. त्या दुपारी त्यांनी सगळं ऐकलं होतं. शब्दन् शब्द ऐकला होता. सुभाषसमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून हसले होते, आणि मी गेल्यावर पोरीसाठी वायर आणायला बाजारात गेले होते.

तेवढ्यात लाईट गेली. शेडमधली घरघर एकदम थांबली. सुभाष दूध आणायला गेला होता, आणि कढईखाली लाकडं पेटलेली होती. दादा उठले. मला वाटलं, सवयीनं उठले. मी मागोमाग गेलो. दूध घट्ट होत आलं होतं, मोठे मोठे बुडबुडे फुटत होते, जड, आळसावलेले. कडेला तो करपट धागा सुरू झाला होता. दादांनी कोपऱ्यातलं उलथणं काढलं. तेच जुनं, लांब दांड्याचं. क्षणभर ते हातात धरून उभे राहिले. आता त्यांच्या दंडात तेवढा जोर नाही.

"धर," म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं.

"धर. खाली लागायलंय."

दांडा गुळगुळीत होता, त्यांच्या हातानं झालेला. मी हलवायला लागलो. खर्रर. वाफ तोंडावर आली, हातावर आली, शर्टाच्या बाह्या मागं सारायला सवड नव्हती. दादा दारातली खुर्ची आत ओढून घेऊन बसले आणि माझ्या हाताकडं बघत राहिले. लाईट येईना. मी हलवत होतो. वास घट्ट होत होता.

डिग्री मिळाली तेव्हा त्यांनी गावभर जिलबी वाटली होती, पण माझ्या तोंडावर माझं कौतुक केलं नव्हतं. कधीच केलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं ते हळू म्हणाले, "हात चांगला हाय तुजा."